पहाटे गॅस ब्रूडर मंदावतो: रेग्युलेटर बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. निफाडजवळ तीन हजार पक्ष्यांचं पोल्ट्री शेड, पिल्लांना ऊब देणारे सिरॅमिक प्लेटचे तीन गॅस ब्रूडर, आणि तिघांना मिळून एक १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर. संध्याकाळी जोर चांगला असतो. पहाटे तीन-चारच्या सुमारास तिन्ही मंदावतात, एखादा विझतो, आणि सिलिंडरच्या खालच्या भागावर पांढरा बर्फ धरतो. शिवाय एका ब्रूडरच्या प्लेटवर पिवळ्या जिभा दिसतात आणि वरच्या टोपीला काजळी लागते. मिस्त्री म्हणतो, जेट (ज्याच्या बारीक भोकातून ब्रूडरमध्ये गॅस येतो तो तुकडा) थोडा मोठा करू आणि दाब वाढवता येणारा हाय प्रेशर रेग्युलेटर बसवू. करावं का?

दोन्ही करू नका. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. तिन्ही ब्रूडर एकदम मंदावतात, म्हणजे कारण तिघांना सामाईक आहे: सिलिंडर, रेग्युलेटर किंवा मुख्य पाइप. पिवळी ज्योत एकाच ब्रूडरला आहे, म्हणजे ते कारण त्या ब्रूडरच्या आतच आहे. दाब वाढवून यातलं एकही बरं होत नाही, उलट दुसरं जास्त धोकादायक होतं.

आधी सिलिंडर. आपल्याकडचा एलपीजी हा ब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्यूटेन जवळपास शून्यावर (नेमकं उणे अर्धा अंश). सिलिंडरच्या आत गॅस द्रवरूपात असतो आणि आपण वापरतो ती त्याची वाफ. वाफ व्हायला उष्णता लागते, किलोमागे ढोबळमानाने ३५० ते ४०० किलोज्यूल, आणि ती बाहेरच्या हवेतून सिलिंडरच्या पत्र्यातूनच आत यावी लागते. आता हिशोब बघा. ५ किलोवॉटचा ब्रूडर पूर्ण जोरावर तासाला साधारण ३९० ग्रॅम गॅस खातो, कारण एक किलो एलपीजी जाळला की सुमारे १२.८ किलोवॉट-तास उष्णता मिळते. तीन ब्रूडर म्हणजे तासाला जवळपास १.२ किलो. एवढी वाफ व्हायला १२० वॉटच्या आसपास उष्णता त्या एकाच पत्र्यातून सतत आत यायला हवी. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे हवाच ६-८ अंशांवर असते. मग द्रव स्वतःचीच उष्णता वापरून थंड होत जातो, शून्याखाली उतरतो, आणि त्या तापमानाला ब्यूटेन जवळजवळ दाब देतच नाही. हवेतली वाफ पत्र्यावर गोठते तो तुमचा बर्फ. बर्फाची वरची कड जिथे आहे, तिथपर्यंत आत द्रव आहे असं समजा.

त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. प्रोपेन आधी उडून जातो, ब्यूटेन मागे राहतो. म्हणून नवा सिलिंडर पहिल्या रात्री बरा चालतो आणि पाव शिल्लक राहिला की पहाटे दम टाकतो. गॅस कमी भरला असेल अशी शंका अनेकांना येते. ती तपासायची तर वजन करा. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा गॅस आत असतो, वाफ होत नसते.

यावर उपाय एकच: पत्र्याचं क्षेत्रफळ वाढवा, म्हणजेच एकाच वेळी जास्त सिलिंडर उघडे ठेवा. थंडीत एका १९ किलोच्या सिलिंडरकडून सतत तासाला ४०० ते ५०० ग्रॅमपेक्षा जास्त अपेक्षा मी धरत नाही. उन्हाळ्यात हाच सिलिंडर जास्त देईल, भरलेला असताना जास्त देईल, शेवटी कमी. तुमच्या वापराला तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एका सामाईक पाइपवर, जोडून तिन्ही एकदम उघडे ठेवा. एक संपला की दुसरा उघडू, हा विचार इथे उपयोगाचा नाही. प्रत्येक पिगटेलच्या (सिलिंडर मॅनिफोल्डला जोडणाऱ्या छोट्या नळीच्या) तोंडाशी गॅस उलटा जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. तो नसेल तर एक सिलिंडर काढताना बाकीच्या दोघांचा गॅस उघड्या तोंडातून बाहेर येतो, आणि उन्हातल्या गरम सिलिंडरचा गॅस सावलीतल्या थंड सिलिंडरात जाऊन तो प्रमाणाबाहेर भरू शकतो.

तीन जोडलेले आणि दोन राखीव मिळून ९५ किलो होतात. १०० किलोपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही. त्यापुढे पेसोचा, म्हणजे स्फोटकं आणि गॅस सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा, परवाना लागतो. पेसोचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. घरगुती १४.२ किलोचे सिलिंडर शेडवर वापरणं बेकायदेशीर आहेच, पण त्यांचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरही या खपासाठी केलेला नाही. सिलिंडरच्या कॉलरखालच्या पट्टीवर डी-२६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका.

बर्फ धरलेल्या सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, जवळ शेगडी ठेवणं, सिलिंडर आडवा करणं हे सगळं बंद. आडव्या सिलिंडरातून रेग्युलेटरमध्ये थेट द्रव जातो. द्रवाची वाफ झाली की तिचं आकारमान अडीचशे पटींच्या घरात वाढतं, आणि हे ब्रूडरपर्यंत पोचलं तर ज्योत फुटभर वर येते. सिलिंडरला गोणपाट गुंडाळण्याचाही उपयोग नाही. गोणपाटामुळे बाहेरची उष्णता आत यायला अडते, म्हणजे तो आणखी लवकर थंड होतो.

आता जेटचा मुद्दा, कारण मला सगळ्यात काळजी त्याची वाटते. जेटमधून जाणारा गॅस भोकाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ०.८० मिलिमीटरचं भोक सुई फिरवून ०.९० झालं की गॅस २७ टक्के वाढला. दाबाचा परिणाम वर्गमुळाने होतो: ३० मिलिबारचे ६० केले तर गॅस ४१ टक्के वाढतो. पण हवा ओढणारा व्हेंचुरी आणि प्लेटची भोकं तेवढीच राहतात. जास्तीच्या गॅसला हवा पुरत नाही, ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पडदे पाडलेल्या शेडात त्याचा पहिला फटका पिल्लांना बसतो, दुसरा रात्री तिथे झोपणाऱ्या माणसाला. शिवाय जो सिलिंडर तासाला १.२ किलो देऊ शकत नाही, त्याच्याकडे आपण आता दीड किलो मागणार. पहाटेची अडचण मध्यरात्रीवर येईल.

इथे एक गोष्ट तुमच्या ब्रूडरवर अवलंबून आहे. बाजारात कमी दाबाचे ब्रूडर आहेत, २८ ते ५० मिलिबारवर चालणारे, आणि जास्त दाबाचेही आहेत, जे एक बारपर्यंत (१००० मिलिबार) किंवा त्याच्याही वर चालतात आणि ज्यांची उष्णता दाब कमी-जास्त करूनच ठरवतात. तुमचा कुठला आहे ते नेमप्लेटवर लिहिलेलं असतं. जास्त दाबाचा असेल तर ॲडजस्टेबल रेग्युलेटर हा त्याचाच भाग आहे, पण त्यालाही वरची मर्यादा आहे. कमी दाबाचा असेल तर ॲडजस्टेबल रेग्युलेटर जवळही आणायचा नाही. मी पुढचे आकडे ३० मिलिबारचा ब्रूडर धरून देतो आहे.

दाब अंदाजाने ठरवू नका, मोजा. कमी दाबासाठी यू-नळीचा मॅनोमीटर घरी होतो. तीन फुटी फळीवर पारदर्शक नळी यू आकारात बसवा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा, शेजारी मिलिमीटरची पट्टी चिकटवा. ३० मिलिबार म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ३०६ मिलिमीटरचा फरक. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळ्यात लांबच्या ब्रूडरच्या टेस्ट पॉइंटला (दाब मोजण्यासाठी दिलेल्या तोंडाला) नळी जोडा, मग गॅस सोडा. एक बारच्या लाइनला ही नळी लावलीत तर पाणी फेकलं जाईल आणि मागून गॅस बाहेर येईल. तिथे घड्याळी गेजच हवा.

तीन वाचनं घ्या. पहिलं, तिन्ही ब्रूडर चालू असताना. दुसरं, तिन्ही बंद केल्यावर. तिसरं पुन्हा तिन्ही चालू ठेवून, पण पहाटे चार वाजता.

तिन्ही बंद केल्यावर पाणी थोडं वर चढून थांबायला हवं. थांबत नसेल, हळूहळू चढतच असेल, तर रेग्युलेटरच्या आतली सीट (गॅस अडवणारी रबरी बैठक) गॅस धरत नाही. सीटखाली कचरा गेलेला असतो किंवा रबर कडक झालेलं असतं. असा रेग्युलेटर उघडून साफ करायचा नसतो, बदलायचा. तिन्ही चालू असताना रेग्युलेटरपाशी दाब बरोबर आहे पण शेवटच्या ब्रूडरला ५०-६० मिलिमीटर कमी येतो, तर पाइप बारीक आहे किंवा नळी कुठेतरी दबली आहे. आणि संध्याकाळी ३०० दाखवणारं पाणी पहाटे २०० वर आलं असेल, तर तो सिलिंडरचा थंडपणा. तेव्हा गॅस साधारण १८ टक्क्यांनी घटलेला असतो. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला हेच वाटतं, पण मोजल्याशिवाय पैसे घालू नका.

रेग्युलेटर कसा बसवला आहे तेही बघा. तो सिलिंडरच्या व्हॉल्व्हपेक्षा वरच्या पातळीवर हवा, म्हणजे पिगटेलमध्ये जमणारा तेलकट द्रव उलटा सिलिंडरकडे वाहतो. त्याच्या टोपीवर एक बारीक श्वासाचं भोक असतं, ते खाली तोंड करून आणि मोकळं असावं. कोळ्याचं जाळं, तुसाची धूळ, रंगकाम करताना पडलेला थेंब, एवढ्यानेही ते बुजतं आणि मग रेग्युलेटरच्या आतला पडदा (डायफ्रॅम) बाहेरच्या हवेशी तोल साधू शकत नाही, दाब भरकटतो. त्या भोकातून गॅसचा वास आला तर आतला पडदा फाटलेला आहे, रेग्युलेटर त्याच क्षणी बाद. पोल्ट्रीत अमोनिया असतो आणि अमोनिया पितळेला आतून तडे पाडतो. म्हणून इथे रेग्युलेटर, पितळी नट आणि जोड कंपनीने दिलेल्या मुदतीपर्यंत टिकतीलच असं धरू नका. हिरवट-पांढरी बुरशी धरलेला नट पाना लावण्याआधीच बदलायच्या यादीत घाला. रेग्युलेटर आणि सिलिंडर शेडच्या बाहेर, छपराखाली, साखळीने बांधलेले, गटार-खड्ड्यापासून दूर ठेवले तर निम्मा त्रास वाचतो.

आता तो पिवळा ब्रूडर. हे काम दोन बॅचच्या मधल्या रिकाम्या दिवसांत करा, ब्रूडर पूर्ण थंड असताना, त्याचा कॉक आणि मुख्य व्हॉल्व्ह दोन्ही बंद करून.

सुरुवात हवेच्या जाळीपासून करा. पिल्लांची लव आणि तुसाची धूळ मिळून जाळीवर करडं नमदं तयार होतं. हाताने सोलून निघावं इतकं जाड. दहापैकी बऱ्याच वेळा पिवळ्या ज्योतीचं कारण एवढंच असतं. जाळी काढून झटका, धुवायची असेल तर पूर्ण वाळल्यावरच बसवा. बॅच चालू असताना ती दोन-तीन दिवसांनी बघायलाच हवी. मग व्हेंचुरी नळीत बॅटरी टाकून बघा, आत कोळ्यांची घरं असतात. बाटली धुवायच्या ब्रशने साफ करा.

जेट पान्याने सोडवून उजेडाकडे धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. चोंदलेला असेल तर स्पिरिटमध्ये तासभर बुडवा आणि मागच्या बाजूने हवा मारा. स्टीलची तार, सुई, ड्रिल काही घालायचं नाही. लाकडी दातकोरणी चालते. भोक अंडाकार दिसलं किंवा आधीच कुणी सुई फिरवल्याची शंका आली, तर त्याच नंबरचा नवा जेट घ्या. नंबर जेटच्या अंगावर कोरलेला असतो. तिन्ही ब्रूडरांचे नंबर ताडून बघा. तुमच्या पिवळ्या ब्रूडरचा जेट वेगळ्या नंबराचा निघाला तर मला नवल वाटणार नाही. बसवताना जेटच्या आट्यांना टेफलॉन टेप लावू नका. टेपचे तुकडे पुढे भोकात अडकतात. पाइपच्या निमुळत्या आट्यांना एलपीजीसाठीचं सीलंट लावतात, तेही पहिली आटी मोकळी सोडून.

सिरॅमिक प्लेट पाण्याने धुवायची नाही, ठोकायची नाही. कॉम्प्रेसरचा दाब कमी ठेवून, हातभर अंतरावरून हवा मारा. पेटवल्यावर पूर्ण प्लेट सारखी नारिंगी व्हायला हवी. काळे डाग दिसले तर तिथली भोकं बुजली आहेत. प्लेटला चीर असेल किंवा कडेची पॅकिंग निघाली असेल तर ज्योत प्लेटच्या मागे जाते, आतून फुरफुर असा आवाज येतो आणि मिक्सिंग नळी तापते. असा ब्रूडर लगेच बंद करा आणि प्लेट बदलल्याशिवाय पेटवू नका. दाब फार पडला तरीही ज्योत मागे जाऊ शकते, म्हणून पहाटेची अडचण केवळ पिल्लांना ऊब कमी पडण्यापुरती नाही.

आता थर्मोकपल (ज्योतीची उष्णता ओळखणारं टोक) आणि त्याला जोडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. ब्रूडर विझला की गॅस आपोआप बंद करणारी हीच एक गोष्ट आहे. बटण दाबून पेटवल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात ते सोडता यायला हवं. सुटत नसेल तर थर्मोकपलचं टोक ज्योतीत नीट बुडालेलं आहे का बघा, काजळी बारीक पॉलिश पेपरने काढा, मागचा नट हाताने घट्ट करून वर फक्त पाव फेरा द्या. जास्त आवळला की आतलं इन्सुलेशन चिरडतं. तरी धरत नसेल तर थर्मोकपल बदला, महाग नसतं. बटण रबराने किंवा तारेने बांधून ठेवलेले ब्रूडर शेडांमध्ये सर्रास दिसतात. कृपया तसं करू नका. बांधलेल्या बटणाचा ब्रूडर पहाटे विझला आणि दिवस वर आल्यावर सिलिंडरचा दाब परत आला, की कच्चा गॅस तुसावर पसरत राहतो. तपासणी सोपी आहे: चालू ब्रूडरचा कॉक बंद करून ज्योत विझवा आणि कान द्या. मिनिट-दीड मिनिटात व्हॉल्व्हचा टक् आवाज यायला हवा. आला नाही तर व्हॉल्व्ह बाद.

कामाचा क्रम पुन्हा एकदा: वजन आणि बर्फाची कड बघून सिलिंडर, मग मॅनोमीटरची तीन वाचनं, मग रेग्युलेटरचं श्वासाचं भोक, आणि त्यानंतरच ब्रूडरची जाळी, व्हेंचुरी, जेट, प्लेट, थर्मोकपल.

कुठलाही जोड सोडवला की गळती तपासायचीच. वाटीभर पाण्यात चमचाभर लिक्विड सोप, ब्रशने प्रत्येक जोडावर, पिगटेलच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या अंगाला. बुडबुडा वाढत गेला तर गळती. काडी लावून कधीच बघू नका. नंतर ब्रूडर बंद ठेवून लाइनमध्ये दाब भरा, सिलिंडर बंद करा आणि मॅनोमीटर दहा मिनिटं बघा. पाणी उतरलं तर जोडावर न दिसलेली गळती आहे, बहुधा उंदराने कुरतडलेल्या नळीत. शेडात रबरी नळी कमीत कमी ठेवा, मुख्य लाइन लोखंडी असू द्या. कमी दाबाच्या बाजूची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांत बदलायची असते, छापलेलं साल बघा. हाय प्रेशरच्या बाजूला ती लावायची नाही.

गॅसचा वास आला तर नाकावर एक मर्यादा लक्षात ठेवा: अमोनियाने बधिर झालेल्या नाकाला उशिरा कळतं. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, त्यामुळे शेडच्या खालच्या फुट-दीड फुटाच्या भिंतीआड तो टाकीतल्या पाण्यासारखा साठतो. वरचे पडदे उघडून तो जाणार नाही, दोन्ही टोकांची दारं उघडा. आधी बाहेरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, माणसं बाहेर काढा. विजेचं बटण लावू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडते. मोबाइल लांब नेऊनच एलपीजी गळतीच्या १९०६ या क्रमांकावर किंवा एजन्सीला फोन करा.

राहिलं वायुवीजन. एक किलो एलपीजी जळला की सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. तुमच्या तीन ब्रूडरांच्या दहा तासांत जवळपास १९ लिटर पाणी शेडात सुटतं. ऊब राखायची म्हणून पडदे वरपर्यंत घट्ट बांधले की तूस ओलं होतं, अमोनिया वाढतो, आणि ब्रूडरला ताजी हवा न मिळाल्याने चांगला ब्रूडरही पिवळा जळू लागतो. पडद्याच्या वर चार-सहा इंच फट रात्रभर राहू द्या, वाऱ्याच्या बाजूला कमी, दुसरीकडे जास्त. शेडातल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग) आत आणि कार्बन डायऑक्साइड ३००० पीपीएमच्या आत असावा. ब्रूडिंगच्या खोलीत एक मोनॉक्साइड अलार्म लावाच. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३२ ते ३४ अंश मिळत असतील तर ब्रूडर आणखी पेटवायची गरज नाही.

सिलिंडर तीन करून, पिवळा ब्रूडर साफ करूनही पहाटे दाब पडत असेल, तर नेमप्लेटवरचा दाब आणि किलोवॉट, जेटचे तिन्ही नंबर, पाइपचा व्यास आणि लांबी, आणि मॅनोमीटरची तीन वाचनं लिहून पाठवा. तेवढ्यावरून पुढचा दोष पाइपात आहे की रेग्युलेटरच्या क्षमतेत, ते सांगता येईल.